दादा, गुरुजी आणि आमचं नागपूर

मंडळी, मी सिंगापूरला आलो १९९९ च्या ऑगस्टमध्ये. पहिल्याच महिन्यात कळलं की कलांगच्या मैदानावर भारत, वेस्ट इंडिज आणि झिम्बाब्वे यांची वनडे मालिका होणार आहे. नवीन देश, नवीन नोकरी, ओळखीचं कोणी नाही... आणि दारात सचिन! ऑफिसात पोटदुखीचं कारण सांगून फायनल बघायला गेलो. द्रविडने नाबाद १०३ केले, आपण २५४ पर्यंत पोचलो, खिशात मॅच घालूनच आम्ही समोसे खात होतो. मग रिकार्डो पॉवेल नावाचा एक गडी आला आणि त्याने १२४ धावा अशा काही कुटल्या की बस्स! आपण हरलो. कॅप्टन होता आपला सचिन.

एमआरटी स्टेशनकडे जाताना गर्दीत एक मराठी गृहस्थ भेटले. ओळख ना देख, पण पराभवाच्या दुःखात माणसं लवकर जवळ येतात. ते म्हणाले, "बॅट्समन म्हणून देव आहे हो, पण कॅप्टन बदलायला पाहिजे." मला राग आला. पण पुढच्या सहा महिन्यांत ऑस्ट्रेलियात ०-३ आणि मायदेशात दक्षिण आफ्रिकेकडून ०-२ असा मार खाल्ल्यावर सचिनने स्वतःच कर्णधारपद सोडलं. २००० साली सौरव गांगुली कॅप्टन झाला. आणि पाच वर्षांनी हाच प्रश्न गांगुलीबद्दल विचारला गेला. संघ धडपडतोय, नवीन कोच आलाय, मग जुना कॅप्टन ठेवायचा की काढायचा?

या एका प्रश्नावरून त्या वेळी घराघरात भांडणं झाली. आमच्याही झाली. आज इतक्या वर्षांनी, सगळे पत्ते उघडे पडल्यावर, तो हिशोब पुन्हा एकदा मांडून बघावा असं वाटलं. शिवाय मी नागपूरचा. आणि या गोष्टीतली प्रत्येक मोठी कलाटणी, का कोण जाणे, आमच्या नागपुरातच घडली आहे!

दादाचे दिवस

गांगुली कॅप्टन झाला तेव्हा मॅच फिक्सिंगच्या प्रकरणाने लोकांचा क्रिकेटवरचा विश्वासच उडाला होता. त्याच वर्षाच्या शेवटी न्यूझीलंडचे जॉन राइट भारताचे पहिले परदेशी प्रशिक्षक म्हणून आले. दोघांचं जमलं. २००१ मध्ये ईडन गार्डन्सवर फॉलोऑन मिळाल्यावर लक्ष्मणने २८१ आणि द्रविडने १८० केल्या, हरभजनने विकेट काढल्या, आणि सलग सोळा कसोटी जिंकत आलेला ऑस्ट्रेलियाचा रथ जमिनीत रुतला. २००२ मध्ये लॉर्ड्सवर नॅटवेस्टच्या फायनलला ३२६ चं आव्हान युवराज-कैफने पार केलं आणि दादाने गॅलरीत शर्ट काढून फिरवला. २००३ मध्ये वर्ल्ड कपच्या फायनलपर्यंत धडक, ब्रिस्बेनला दादाचे १४४, ऑस्ट्रेलियात १-१ अशी बरोबरी, २००४ मध्ये पाकिस्तानात मालिका विजय...

गांगुलीचं वैशिष्ट्य एकच, त्याला माणूस ओळखता यायचा आणि एकदा ओळखला की तो त्याच्यामागे उभा राहायचा. सेहवागला सलामीला पाठवलं ते त्याच्या काळात. युवराज, हरभजन, आपल्या श्रीरामपूरचा झहीर, या सगळ्यांना त्याने जपलं. पण न्यायाने हेही सांगायला हवं की २००३ च्या फायनलला अनिल कुंबळेसारखा गोलंदाज बाहेर बसला होता, तो याच कॅप्टनच्या राज्यात. थोरांना बाहेर बसवण्याचे निर्णय त्यालाही घ्यावे लागले होते.

नागपूर, एक: हिरवी खेळपट्टी

ऑक्टोबर २००४. ऑस्ट्रेलियाविरुद्धची तिसरी कसोटी, आमच्या सदरच्या व्हीसीए मैदानावर. खेळपट्टी अशी हिरवीगार की गाय सोडली तर चरेल! मॅचच्या तोंडावर दुखापतीमुळे गांगुली बाहेर झाला, द्रविडने नेतृत्व केलं आणि आपण ३४२ धावांनी हरलो. ऑस्ट्रेलियाने १९६९-७० नंतर प्रथमच भारतात मालिका जिंकली. दादाची दुखापत खरी की खेळपट्टी बघून झालेली, यावर नागपुरात पानठेल्यांवर महिनाभर चर्चा चालली होती. माझं मत विचाराल तर दुसऱ्याच्या दुखण्यावर घरबसल्या निदान करू नये. पण एक खरं, त्या दिवसापासून दादाच्या भोवतीचं वलय जरा फिकं झालं.

२००५ च्या सुरुवातीला पाकिस्तान भारतात आलं. कसोटी मालिका १-१, वनडेत २-० ची आघाडी घेऊन आपण ४-२ ने हरलो. दादाच्या बॅटमधून धावा आटल्या होत्या. त्यात षटकांच्या संथ गतीमुळे सहा सामन्यांची बंदी आली, ती अपिलात चारवर आली. जॉन राइट यांची कारकीर्द संपली होती. नवा प्रशिक्षक हवा होता.

गुरुजी आले

मे २००५ मध्ये ग्रेग चॅपेल यांची निवड झाली. टॉम मूडी, मोहिंदर अमरनाथ, डेस्मंड हेन्स अशी मंडळी स्पर्धेत होती. गंमत बघा, चॅपेल यावेत ही सर्वांत जास्त इच्छा कोणाची होती? गांगुलीचीच! २००३ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याच्या आधी तो स्वतः सिडनीला जाऊन त्यांच्याकडून फलंदाजीचे धडे घेऊन आला होता आणि त्याचा त्याला फायदाही झाला होता. सुनील गावसकरांनी आपल्याला सावध केलं होतं, पण आपण ऐकलं नाही, असं त्याने पुढे २०१८ मध्ये आलेल्या आत्मचरित्रात लिहिलं आहे. फलंदाजी शिकवणारा गुरू वेगळा आणि रोज सकाळी डोक्यावर बसणारा प्रशिक्षक वेगळा, हे त्याच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही.

सप्टेंबर २००५ मध्ये झिम्बाब्वेचा दौरा. बुलावायोच्या कसोटीत दादाने १०१ धावा केल्या आणि संध्याकाळी पत्रकारांना सांगून टाकलं की मॅचच्या आधी मला कर्णधारपद सोडायला सुचवलं गेलं होतं. घरातलं भांडण अंगणात आलं. पाठोपाठ चॅपेल यांनी बोर्डाला लिहिलेली ईमेल फुटली. गांगुली नेतृत्व करायला शरीराने आणि मनाने तयार नाही, असा तिचा सूर होता. सप्टेंबरच्या अखेरीस बोर्डाच्या समितीने दोघांना मुंबईत समोर बसवलं आणि 'जुळवून घ्या' म्हणून सांगितलं. नवरा-बायकोचं भांडण वकिलाकडे गेल्यावर जितकं जुळतं, तितकंच ते जुळलं.

मी त्या वेळी बाबांना नागपूरला फोन केला. आयएसडी कार्ड खरवडून, ते लांबलचक नंबर दाबून फोन करायचे दिवस. बाबा म्हणाले, "काहून रे, तो शंभर मारून राहिला अन् हे त्याला जा म्हणून राहिले! काय लावलंय हे?" मी म्हटलं, "बाबा, तुम्ही समोर झिम्बाब्वे होतं ते तर बघा! नवीन कोच आला की त्याला त्याची टीम बनवू द्यायला पाहिजे." बाबा चिडून म्हणाले, "तुमच्या सिंगापूरच्या ऑफिसात चालत असेल तसं. घर असं चालत नसते." आणि कार्डातले पैसे संपले.

तुमच्या ऑफिसात चालत असेल तसं...

बाबांना माहीत नव्हतं, पण त्यांचा बाण बरोबर लागला होता. त्याच महिन्यात आमच्या ऑफिसात नवीन प्रमुख आले होते, बाहेरच्या देशातून. आमच्या टीमचे लीड माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे होते. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. मी सिंगापुरात आलो तेव्हा तोआ पायोला खोली शोधून दिली ती त्यांनी, पहिल्या दिवाळीला घरी बोलावून चकली-अनारसे खाऊ घातले ते काकूंनी. पण शेवटचे दोन प्रोजेक्ट त्यांच्या हातून रखडले होते, हेही खरं.

नव्या साहेबांनी मला एक दिवस खाली कोपीटियममध्ये नेलं आणि सरळ विचारलं, "यांना लीड ठेवावं का?" मी थोडा वेळ कॉफी ढवळली आणि म्हणालो, "बदल केला तर बरं होईल." आणि वर हेही म्हणालो की माझं नाव कुठे येऊ देऊ नका.

पुढचे तीन आठवडे मी रोज काकांच्या समोर बसून जेवलो. त्यांना बातमी कळली ती सगळ्यांबरोबर, एका ईमेलमधून.

नागपूर, दोन: नवा घडी, नवा राज

ऑक्टोबर २००५ मध्ये द्रविड वनडेचा कॅप्टन झाला. श्रीलंकेविरुद्धचा पहिला सामना पुन्हा नागपुरातच! इरफान पठाणला तिसऱ्या क्रमांकावर पाठवायचा चॅपेल-द्रविडचा प्रयोग फळला, त्याने ८३ केल्या. कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर परतलेल्या सचिनने ९३. आपण ३५० पर्यंत गेलो आणि १५२ धावांनी जिंकलो. पुढच्या आठवड्यात जयपूरला धोनी नावाच्या पोराने नाबाद १८३ फटकावल्या. मालिका ६-१. बाबांना मी मुद्दाम फोन केला. ते म्हणाले, "बरं बरं, आईशी बोल."

चॅपेल यांच्या बाजूने बोलायचं तर हे सगळं बोलायला हवं. धावांचा पाठलाग करताना सलग १७ वनडे जिंकण्याचा विक्रम त्यांच्याच काळात झाला. रैना, श्रीशांत यांच्यासारखी तरुण मुलं पुढे आली. आणि २००६ च्या उन्हाळ्यात द्रविडच्या संघाने वेस्ट इंडिजमध्ये कसोटी मालिका जिंकली, तब्बल ३५ वर्षांनी!

आता ही ३५ वर्षं मोजा म्हणजे येतं १९७१. आणि १९७१ म्हटलं की अजित वाडेकर. त्या वर्षीही हाच प्रश्न होता. मन्सूर अली खान पतौडी, भारताचे लाडके नवाब कॅप्टन. निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांनी आपलं निर्णायक मत टाकलं आणि कर्णधारपद दादरच्या वाडेकरांकडे गेलं. केवढा गहजब झाला! पण वाडेकरांच्या संघाने त्याच वर्षी वेस्ट इंडिजला वेस्ट इंडिजमध्ये आणि इंग्लंडला इंग्लंडमध्ये हरवलं. पहिल्या मालिकेत गावसकर नावाच्या नवख्या मुलाने ७७४ धावा केल्या. आणि पतौडी? ते १९७२-७३ मध्ये इंग्लंडविरुद्ध खेळले, वाडेकरांच्याच हाताखाली. म्हणजे कॅप्टन बदलणं हे पाप नव्हे. मात्र मर्चंट यांनी पतौडींचं कर्णधारपद घेतलं, फलंदाज पतौडींना दार बंद झालं नाही.

२००५ मध्ये नेमकं हेच सांभाळलं गेलं नाही. डिसेंबरमध्ये श्रीलंकेविरुद्ध दिल्ली कसोटीत दादाने ४० आणि ३९ केल्या, आपण जिंकलो, आणि पुढच्या कसोटीतून त्याला वगळलं! किरण मोरे तेव्हा निवड समितीचे अध्यक्ष होते. जागा मिळाली मुंबईच्या वसीम जाफरला. कोलकात्यात निदर्शनं झाली. त्याआधीच नोव्हेंबरमध्ये ईडनच्या प्रेक्षकांनी आपल्याच संघाची हुर्यो उडवून दक्षिण आफ्रिकेच्या विजयाला टाळ्या दिल्या होत्या. त्याच महिन्यात बोर्डात सत्तांतर होऊन दालमियांचा गट गेला आणि शरद पवार अध्यक्ष झाले. मग क्रिकेटचा निर्णय कुठे संपतो आणि राजकारण कुठे सुरू होतं, हे कोणालाच सांगता येईना. जानेवारी २००६ मध्ये कराचीत ३४ आणि ३७, आणि दादा पुन्हा बाहेर.

नागपूर, तीन: ९८

२००६ च्या उत्तरार्धात गाडी घसरली. चॅम्पियन्स ट्रॉफीतून लवकर बाहेर, दक्षिण आफ्रिकेत वनडेत ०-४. तोवर निवड समितीचे अध्यक्ष झाले होते दिलीप वेंगसरकर. त्यांनी कसोटीसाठी गांगुलीला परत बोलावलं. झहीरही परतला. त्याला वगळल्यावर तो रुसून बसला नव्हता, इंग्लंडमध्ये वूस्टरशायरकडून एका मोसमात ७८ बळी घेऊन आला होता.

डिसेंबर २००६, जोहान्सबर्ग. इथे दुपारी चार वाजता खेळ सुरू व्हायचा, मी ऑफिसात चोरून स्कोअर बघत होतो. दादा नाबाद ५१. श्रीशांतने पाच बळी घेतले, आफ्रिका ८४ त खलास! दक्षिण आफ्रिकेच्या भूमीवर भारताचा पहिला कसोटी विजय. पुढे मालिका १-२ अशी गेली, पण आपल्याकडून सर्वांत जास्त धावा कोणाच्या? गांगुलीच्या, २१४. म्हणजे शरीराने आणि मनाने संपला म्हणतात तो माणूस हा नव्हता.

आणि २१ जानेवारी २००७ ला वनडेत तो परतला... कुठे? नागपूरला! वेस्ट इंडिजविरुद्ध ९८ करून रन आऊट झाला. बाबा स्टेडियममध्ये होते. रात्री त्यांचाच फोन आला, घसा बसलेला. म्हणाले, "दोन रन कमी पडले बघ, पण अख्खं नागपूर उभं होतं."

त्यानंतर काय झालं ते आठवायला नको वाटतं. १७ मार्च २००७, शनिवार. पोर्ट ऑफ स्पेनचा सामना इथे रात्री साडेनऊला सुरू झाला. आमच्या घरी चार कुटुंबं, पावभाजीचा बेत. बांगलादेशने आपल्याला १९१ त गुंडाळलं. सर्वाधिक ६६ दादाच्याच. पहाटे सगळे न बोलता आपापली झोपलेली मुलं खांद्यावर टाकून निघून गेले. मग श्रीलंकेकडून हार, पहिल्याच फेरीत घरी, आणि ४ एप्रिलला चॅपेल यांचा राजीनामा. सचिननेसुद्धा, जो कधी कोणाविरुद्ध बोलत नाही, आपल्या निष्ठेवर शंका घेतल्याचं दुःख जाहीरपणे सांगितलं. वर्ल्ड कपच्या आधी चॅपेल आपल्या घरी येऊन द्रविडऐवजी तू कर्णधार हो असं सुचवून गेले, असं सचिनने २०१४ च्या आत्मचरित्रात लिहिलं. चॅपेल यांनी ते नाकारलं. खरं खोटं त्या दोघांना ठाऊक. पण ज्या खोलीत कोणाचा कोणावर विश्वास उरला नाही, तिथे कॅप्टन कोणीही असला तरी काय फरक पडणार?

पुढची गंमत ऐका. प्रशिक्षकच मिळेना म्हणून इंग्लंड दौऱ्यावर मॅनेजर म्हणून गेले आपले पुण्याचे चंदू बोर्डे, सत्तरी ओलांडलेले. आणि द्रविडच्या त्या संघाने, ज्यात दादा, सचिन, झहीर सगळे होते, इंग्लंडमध्ये २१ वर्षांनी कसोटी मालिका जिंकली!

नागपूर, चार: निरोप

नोव्हेंबर २००८. जामठ्याच्या नव्या स्टेडियमवरची पहिलीच कसोटी, दादाची शेवटची. पहिल्या डावात ८५, दुसऱ्यात पहिल्याच चेंडूवर शून्य. शेवटी ऑस्ट्रेलियाचे गडी बाद व्हायला आले तेव्हा कॅप्टन धोनीने त्याला थोडा वेळ पुन्हा नेतृत्व करायला दिलं. आपण १७२ धावांनी आणि मालिका २-० जिंकली. चार वर्षांपूर्वी जिथून तो मॅच न खेळता गेला होता, त्याच गावातून सन्मानाने गेला.

इतिहासाला विनोदबुद्धी असते. २०२१ मध्ये द्रविड भारताचा प्रशिक्षक झाला, गांगुली बोर्डाचा अध्यक्ष होता, आणि विराट कोहलीचं वनडेचं कर्णधारपद गेलं. निवड समितीच्या बैठकीच्या दीड तास आधी मला सांगितलं, असं विराट पत्रकारांपुढे म्हणाला. पुन्हा नवा कोच, जुना कॅप्टन, आणि पुन्हा अंगणातलं भांडण! आणि या वेळी खुर्चीत दादा! नवा कॅप्टन रोहित शर्मा, तोही नागपुरात जन्मलेला. द्रविड-रोहितच्या जोडीने जून २०२४ मध्ये बार्बाडोसला टी-२० वर्ल्ड कप जिंकला, ज्या वेस्ट इंडिजमधून द्रविड २००७ ला मान खाली घालून परतला होता तिथेच. मग गौतम गंभीर प्रशिक्षक झाला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये रोहितचंही वनडेचं नेतृत्व शुभमन गिलकडे गेलं. प्रश्न काही संपत नाही.

इथल्या फुटबॉलचंच बघा ना. डिसेंबर २००२ मध्ये सिंगापूर घरच्या मैदानावर मलेशियाकडून ०-४ हरलं, कोच गेले. २००३ मध्ये राडोइको अव्रामोविच आले. त्यांना इथल्या लोकांनी वेळ दिला, नऊ वर्षं! त्यांनी आग्नेय आशियाचं अजिंक्यपद तीनदा आणून दिलं. आपण चॅपेल यांना दोन वर्षंही दिली नाहीत, आणि त्यांनी आपल्या माणसांना तेवढीही दिली नाहीत.

तर मग माझा निकाल काय? २००५ मध्ये गांगुलीचं कर्णधारपद काढणं चूक नव्हतं, असं मला आजही वाटतं. फॉर्म नव्हता, संघ मरगळला होता. पण त्याला संपलेला ठरवणं चूक होतं, आणि ते पाठीमागून, ईमेलमधून ठरवणं ही सर्वांत मोठी चूक. बदल करा, पण तोंडावर सांगून करा, आणि दार उघडं ठेवा. वेंगसरकरांनी ते उघडलं म्हणून जोहान्सबर्ग घडलं.

काका २००६ मध्ये पुण्याला परत गेले. जामठ्याची कसोटी संपली त्या संध्याकाळी मी धीर करून त्यांना फोन केला आणि कोपीटियममधली ती गोष्ट सांगितली. ते जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अरे, ते मला तेव्हाच कळलं होतं. तू माझ्याकडे बघून जेवायचा थांबला होतास ना! लीड काढल्याचं मला काही नाही रे, मीही थकलोच होतो. पण एकदा जेवताना सांगितलं असतंस तर मी स्वतःच सोडलं असतं." मग विषय बदलून म्हणाले, "दादाचा पहिल्या चेंडूवरचा शून्य बघितलास का? वाईट वाटलं."

यंदा आमच्या पोराला त्याच्या ऑफिसात टीम मिळाली आहे, पहिल्यांदाच. टीममध्ये त्याच्यापेक्षा मोठे दोघे आहेत. त्याला ही गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "बाबा, क्रिकेट आहे का हे?" म्हटलं, "नाही रे, नागपूर आहे."

सगळ्यांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा! फराळाला जुन्या माणसांना आठवणीने बोलवा.